ज्याची त्याची ताटली

बोरवाडीच्या अंगणवाडीतल्या लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या ताटल्या भारतीच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून खुपत होत्या. ग्रामपंचायतीचा सदस्य प्रशांत याने आपल्या वाढदिवसाला त्या वाटल्या होत्या. पंचवीस ताटल्या, पंचवीस पेले, आणि प्रत्येक ताटलीच्या तळाला हात जोडलेल्या प्रशांतचा फोटो. खिचडी संपली की खालून प्रशांतभाऊ हसायचे. तीन-चार महिन्यांत घासून घासून भाऊंचा चेहरा गेला, आणि पाठोपाठ ताटल्यांचा रंगही जायला लागला. लाल ताटली मधोमध पांढुरकी पडली. तो रंग गेला कुठे, हे कुणी विचारलं नाही. वाढदिवसाच्या भेटवस्तूला असले प्रश्न विचारायची आपल्याकडे रीत नाही.

भारती भिंगारदिवे ही या अंगणवाडीची सेविका. तिसगावच्या पलीकडे चार-पाच किलोमीटरवर हे गाव. वर माळाच्या अंगाला शेतकऱ्यांची घरं आणि मारुतीचं देऊळ, खाली ओढ्याच्या काठाला बौद्धवस्ती. भारती खालच्या वस्तीतली सून. नऊ वर्षांपूर्वी तिची नेमणूक झाली तेव्हा वरच्या आळीत चार दिवस कुजबुज झाली होती. पण खिचडी शिजवायला मदतनीस म्हणून वरच्याच आळीतली मालनबाई होती, त्यामुळे कुजबुज आपोआप विरली. शिजवणारा हात आपल्यातला आहे म्हटल्यावर शिकवणारं तोंड कुणाचं का असेना. भारतीला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि तिने ते गिळलं होतं.

गिळलं, कारण तिला एकच गोष्ट हवी होती. ती काष्टीच्या बाजूच्या एका खेड्यात वाढली. शाळेतल्या माठाला तिने हात लावायचा नाही, असा तिथे शिरस्ता होता. दुसरं कुणीतरी वरून पाणी सोडायचं आणि ती ओंजळ धरायची. पाणी कोपरांवरून फ्रॉकवर गळायचं, आणि ओल्या फ्रॉकवरून नव्या मास्तरलाही कळायचं ही कोणाची पोर ते. आपल्या अंगणवाडीतल्या लेकरांना निदान सहा वर्षांची होईपर्यंत हे कळू द्यायचं नाही, एवढाच तिचा हट्ट होता. आता तिची स्वतःची सायली चार वर्षांची होऊन त्याच खोलीत बसत होती. सायलीला अजून काहीच ठाऊक नव्हतं. हाताला येईल त्या ताटलीत जेवायची, दिसेल त्या पेल्यातलं पाणी प्यायची, आणि वरच्या आळीतल्या राजनंदिनीच्या गळ्यात गळा घालून दुपारची झोपायची. तिला झोपलेली बघून भारतीला वाटायचं, नऊ वर्षांचं सार्थक झालं.

उन्हाळ्याच्या तोंडाला तालुक्याला सेविकांचं प्रशिक्षण झालं. तिथे आलेल्या आहारतज्ज्ञ बाईंनी बाजारातली एक रंगीत ताटली टेबलावर ठेवली, तिच्यात उकळतं पाणी ओतलं आणि ती सगळ्यांच्या नाकाखालून फिरवली. भारतीने तो वास ओळखला. गावी आल्या आल्या तिने प्रशांतच्या ताटलीवर तोच प्रयोग केला.

"अगं बया!" मालनबाईने पदर नाकाला लावला. "वायर जळल्यावानी वास येतोय की."

"ह्याच्यात आपन रोज गरम खिचडी वाढतो, मालनबाई."

"मग काय करायचं? भाऊंनी दिल्यात."

"भाऊंनी दिल्यात म्हनून लेकरांनी रंग खायचा व्हय?"

मग भारतीने ते मनावरच घेतलं. दुपारी पोरं घरी गेली की ती घरोघर फिरायची. ती सांगायला बसली की बायका हौसेने कपाटं उघडायच्या आणि एकेक नमुना बाहेर यायचा. कुणाकडे आतून अस्वलाचं चित्र असलेली वाटी, आणि चमच्याने खरवडून खरवडून अस्वलाचं अर्धं डोकं गेलेलं. कुणाकडे चिनी मातीसारखी दिसणारी मेलामाइनची ताटं, पडली तरी फुटत नाहीत म्हणून कौतुकाची. कुणाकडे जत्रेतला सोनेरी काठाचा कप, ज्यात तान्ह्याला दूध पाजलं जात होतं. भारती प्रत्येकीला समजावायची. आतून रंग किंवा चित्र असलेलं भांडं लेकराला नको. मेलामाइनमध्ये गरम वाढायचं नाही, आणि ओरखडे पडले की ते टाकून द्यायचं. सोनेरी काठ दिसायला छान, पण लेकरू तो काठच चघळतं. बायका ऐकायच्या. डॉक्टरचं ऐकणार नाहीत इतकं मन लावून ऐकायच्या, आणि भारतीला मोठं बरं वाटायचं.

प्रशांतच्या घरी मात्र ती सगळ्यात शेवटी गेली. त्याची आई गीताबाई म्हणजे वरच्या आळीतलं मोठं प्रस्थ. राजनंदिनी तिची नात. मुलाने दिलेल्या ताटल्या टाकायला निघालेली सेविका दारात आली तर ती काय म्हणेल? पण गीताबाईने तिला ओसरीवर बसवलं, सगळं ऐकून घेतलं, वर घरातली पितळेची वाटी आणून दाखवली.

"ही आमच्या सासूबाईंची. राजनंदिनीला ताक देते ह्याच्यात."

"कल्हई कवा केल्ती, काकू?"

"कल्हईवाला आता येतोय कुठं!"

"मग ताक नका देऊ. कल्हईबिगर पितळंत आंबट कळकतं. लेकराच्या पोटात जातं ते."

गीताबाईने वाटी लगेच फडताळात वर टाकली. "प्लास्टिकचं तर मला बी पटत न्हवतं," ती म्हणाली. "सगळ्यांचं एकातएक. ज्याचं त्याचं असलेलं बरं."

इतक्या चटकन गीताबाई राजी झाली, तेव्हाच भारतीला शंका यायला हवी होती. पण आनंदाच्या भरात माणसाला शंका येत नाहीत. गीताबाईने चहा आणला. स्वतःला स्टीलच्या पेल्यात, भारतीला कागदाच्या डिस्पोजल कपात. त्या कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यात गरम दूध देऊ नका, हे भारतीने पाच मिनिटांपूर्वीच सांगितलं होतं.

"लेकरांना न्हाईच देत आमी त्यात," गीताबाई हसून म्हणाली. "हे आपलं आल्यागेल्याला."

पूर्वी असल्या चहाला वेगळा ठेवलेला कप असायचा, आणि तो आपणच विसळून पालथा घालावा लागायचा. आता कप फेकून द्यायचा. विसळायचं काम वाचलं. भारतीने चहा पिऊन टाकला आणि उठली.

महिनाअखेरीस तिने सगळ्या आयांना अंगणवाडीत बोलावलं. "साधं स्टील आना," तिने सांगितलं. "एक ताटली, एक पेला. काठ वळवलेला बघा, न्हाईतर व्हट कापतात. बूड जड पाहिजे, म्हंजी पोरगं कलंडवत न्हाई. आन नाव टाकून आना."

चूक इथे झाली. या भागात भांडं घेतलं की दुकानदार मशीन पुढे ओढून विचारतोच, नाव काय टाकायचं? लग्नात, सप्त्यात, दहाव्याला भांडी या घरची त्या घरी जातात आणि नावाशिवाय परत येत नाहीत. इतक्या घरच्या ताटल्या एका खोलीत येणार म्हटल्यावर भारतीच्या तोंडून ते आपसूक निघून गेलं. अदलाबदल नको, बायाबायांची भांडणं नकोत, यापलीकडे तिच्या मनात काही नव्हतं.

तिसगावच्या बाजारातून तिने सायलीची ताटली आणली. तिच्यावर 'सायली पंकज भिंगारदिवे' असं कोरलं होतं. सासू बनुबाईने ती दारातल्या उजेडात धरली आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं.

"आडनाव बी टाकलंय?"

"टाकत्यातच की, आत्या."

"सगळ्यास्नी टाकाय सांगितलंस?"

"व्हय. हरवाय नको."

"आमच्या वाटंचं भांडं कधी हरवलं न्हाई बघ," बनुबाई म्हणाली. "कोनाड्यात असायचं. कपाला कान नसायचा. नाव न्हवतं, तरी अख्ख्या गावाला पाठ हुतं कुनाचं ते."

भारतीला सासूचा राग आला. म्हाताऱ्या माणसांना सगळीकडे तेच दिसतं, असं मनात म्हणून तिने ताटली पिशवीत घातली.

पहिल्या दिवशी अंगणवाडी नुसती लखलखत होती. नव्या कोऱ्या ताटल्या, नवे पेले, आणि पोरांना आपापल्या ताटलीत आपलंच तोंड दिसतंय म्हणून आनंद. ओम नावाचा एक पोरगा तर ताटली आरशासारखी धरून जीभ दाखवत बसला आणि त्याची खिचडी निवून गेली. भारतीने फोटो काढून वर पाठवला. पर्यवेक्षिका मॅडमनी ग्रुपवर तीन अंगठे टाकले. लाल-पिवळ्या ताटल्या भंगारवाल्याच्या गाडीवर गेल्या.

पंधरा दिवस गेले असतील. एका दुपारी भारती रजिस्टर लिहून मागच्या नळाकडे गेली, तर मालनबाई ताटल्या विसळत होती. दोन टोपल्या होत्या. एका टोपलीतल्या ताटल्या धुऊन ती भिंतीवरच्या मांडणीत उभ्या करत होती. दुसऱ्या टोपलीतल्या खाली पायरीवर पालथ्या घातल्या होत्या. भारतीने पायरीवरची वरची ताटली उचलून नाव वाचलं. मग दुसरी. मग तिसरी. साळवे, घोडके, भिंगारदिवे.

"हे काय, मालनबाई?"

"काय?" मालनबाईने मान वर केली नाही. "लावून ठिवते. दुपारी पटपट सापडत्यात."

"मग ह्या खाली का?"

"मांडनीत जागा कुठं हाय?"

मांडणीत अर्धा खण रिकामा होता. भारतीने खालच्या सगळ्या ताटल्या उचलून तिथे लावल्या. मालनबाई बघत राहिली. ती वाईट बाई नव्हती. सायलीला ताप आला तेव्हा हिनेच तिला मांडीवर घेऊन पट्ट्या ठेवल्या होत्या. "तुमी म्हंता तसं," ती म्हणाली. "पर वरच्या आळीच्या बाया इचारत्यात मला. कशात धुती, कुठं ठिवती. मला तिथंच राहायचंय, बाई."

दुसऱ्या दिवशी ताटल्या परत पायरीवर होत्या. भारती रोज वर लावायची, मालनबाई रोज खाली. प्लास्टिकच्या ताटल्या विषारी होत्या, यात काही शंका नाही. पण त्या सगळ्या सारख्या होत्या. काल कोण कशात जेवलं याचा पत्ता ताटलीलाही नसायचा आणि मालनबाईलाही नसायचा. त्या ताटल्यांतली तेवढी एकच चांगली गोष्ट होती, आणि भारतीने ती स्वतःच्या हाताने भंगारात घातली होती. हे लक्षात आल्यावर तिला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

मग तो शनिवार आला. जेवण होऊन पोरं घरी निघायची वेळ होती. राजनंदिनीला तहान लागली, तिचा पेला रिकामा होता, शेजारी सायलीचा भरलेला होता. तिने तो उचलला आणि तोंडाला लावला. कसलाच विचार न करता, जसा तिने आजवर हजारदा लावला होता. नेमकी तेव्हाच गीताबाई तिला न्यायला दारात आली.

गीताबाई ओरडली नाही. आत आली, नातीच्या हातातला पेला काढून घेतला, कोरलेलं नाव वाचलं आणि तो खाली ठेवला. मग राजनंदिनीला दंडाला धरून नळावर नेलं.

"चूळ भर."

राजनंदिनीने चूळ भरली.

"अजून भर. थुक. अजून एकदा."

खोलीतली सगळी पोरं दाराशी जमून बघत होती. भारती मध्ये जाऊन उभी राहिली. "काकू, काय करताय? पानीच पेली ती."

"भारतीताई, रागावू नका," गीताबाई अगदी गोड आवाजात म्हणाली. "तुमीच शिकावलं न्हवं? लेकराचं भांडं वेगळं पाहिजे. काय काय पोटात जातं भांड्यातून, तुमीच तर सांगत हुता." पदराने नातीचं तोंड पुसून ती तिला घेऊन गेली.

भांड्याच्या रंगाबद्दल सांगितलं होतं भारतीने, आंबटाबद्दल, कल्हईबद्दल. माणसाबद्दल तिने कुठे काय सांगितलं होतं? हे बोलायला ती दारात गेली, तोवर गीताबाई देवळाच्या वळणाला पोचली होती.

घरी जाताना सायलीने विचारलं, "आई, माझ्या पेल्यात किडा हुता?"

"न्हाई गं."

"मग राजनंदिनीला थुकाय का लावलं?"

"तिला... तिच्या दाताला लागलं हुतं काहीतरी."

सायलीने जरा विचार केला. "घरी जाऊन मी पन चूळ भरू?"

भारती रस्त्यातच उभी राहिली. तिने पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि घरापर्यंत तशीच नेली. पोरगी आता कडेवर घेण्याइतकी लहान राहिली नव्हती, पण तिला खाली सोडवेना.

सोमवारी तिने ठरवूनच टाकलं होतं. जेवणाच्या वेळी सगळ्या ताटल्या सतरंजीवर मधोमध पालथ्या मांडल्या आणि टाळ्या वाजवल्या. "आज गंमत! डोळे मिटायचे, आन हाताला यील ती ताटली उचलायची!"

पोरांना काय, खेळच हवा होता. एकच गलका झाला. ओमच्या हाती साळव्यांच्या पोराची ताटली आली, सायलीच्या हाती ओमची, राजनंदिनीच्या हाती सायलीची. मालनबाईच्या हातातली पळी पातेल्यावरच थांबली.

"बाई, माझं नाव यायला नको म्हंजी झालं," ती पुटपुटली.

"वाढा तुमी."

मालनबाईने वाढलं. पोरं जेवली. एकालाही उलटी झाली नाही, एकाच्याही पोटात दुखलं नाही. त्या दिवशी खिचडी पुरली नाही इतकी पोरं जेवली, आणि भारतीला वाटलं, संपलं. इतकं सोपं होतं तर हे. उगाच महिनाभर जीव जाळला.

मंगळवारी वरच्या आळीतून एकही पोर आलं नाही. बुधवारीही नाही. भारती मोबाईलमध्ये हजेरी भरत होती आणि मोबाईल तिला पुन्हा पुन्हा विचारत होता की उपस्थिती एवढी कमी का. कारण निवडायला त्याने यादी दिली होती. सण, पाऊस, आजार. तिचं कारण त्या यादीत नव्हतं.

गुरुवारी पर्यवेक्षिका मॅडम आल्या. त्यांच्या हातात अर्ज होता, खाली पहिली सही प्रशांतची. मॅडमनी तो वाचून दाखवला. सेविका मुलांच्या भांड्यांची अदलाबदल करून मुलांच्या आरोग्याशी खेळत आहेत. भांड्यांतून विषारी घटक पोटात जातात, सबब प्रत्येक मुलाचे स्वतंत्र भांडे असावे, असे सेविकेनेच घरोघर सांगितले होते. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. भाषा सुरेख होती. वाचताना कुणालाही पटावी अशी होती.

"मॅडम, हा आरोग्याचा विषय नाही," भारती म्हणाली. "हा कशाचा विषय आहे, तुम्हाला माहिती आहे."

"भारतीताई, अर्जात जातीचा एक शब्द आहे का? दाखवा मला."

"त्या बाईने पोरीला तीन वेळा चूळ भरायला लावली. सायलीच्या पेल्यातलं पाणी प्यायली म्हणून. सगळ्यांसमोर."

"कोणी बघितलं?"

भारतीने मालनबाईकडे बघितलं. मालनबाई तांदूळ निवडत होती. "मी आत हुते," ती ताटातल्या तांदळालाच सांगावं तसं म्हणाली. "मला काय दिसलं न्हाई."

बघणारे बाकीचे सगळे सहा वर्षांच्या आतले होते.

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. त्यांचा आवाज मऊ झाला, आणि तो खरोखरच मऊ होता, हे त्यातलं सगळ्यात वाईट. "हे बघा, मला समजतं. पण निम्मी मुलं बंद आहेत. वर काय कळवू मी? केंद्र चालतं ते मुलांवर. तुम्ही हट्ट धरून बसलात तर तुमच्या जागी दुसरी येईल, आणि ती काय करेल ते तुम्हीच ओळखा. तुमच्या वस्तीतल्या मुलांचं तरी बघा." मग त्यांनी एक कागद पुढे सरकवला. यापुढे प्रत्येक मुलास त्याच्याच नावाच्या भांड्यात आहार दिला जाईल. "आणि खरं सांगू? कल्पना चांगलीच आहे तुमची. नाव टाकलेली भांडी. बाकीच्या केंद्रांनाही मी सांगणार आहे."

भारती कागदाकडे बघत राहिली. फाडावासा वाटला. मॅडमच्या तोंडावर फेकावासा वाटला. तालुक्याला जाऊन, पुढे नगरला जाऊन ओरडावंसं वाटलं; पण काय म्हणून ओरडायचं? की स्टीलच्या ताटल्या आणा असं मीच सांगितलं? नावं टाका असं मीच सांगितलं? तिच्याविरुद्धच्या अर्जातला प्रत्येक शब्द तिच्याच तोंडचा होता. तिने सही केली. अक्षर नेहमीसारखंच नीट आलं, याचा तिला नंतर फार राग आला.

शुक्रवारी वरच्या आळीतली पोरं आली. जणू काही झालंच नव्हतं अशी आली, दंगा करत, नाकं पुसत. जेवणाच्या वेळी भारतीने स्वतः नावं वाचून ताटल्या दिल्या. मालनबाईच्या हातून देववल्या असत्या तर निदान आपले हात कोरडे राहिले असते, पण सही तिची होती. ओमची ओमला. राजनंदिनीची राजनंदिनीला. सायलीची सायलीला. पोरं नेहमीसारखी मिळेल तिथे बसली आणि राजनंदिनी नेहमीसारखी सायलीला चिकटून बसली. गीताबाई आज लवकर आली होती. उंबऱ्याशी उभी राहून ती मालनबाईशी कांद्याच्या काढणीचं काहीतरी बोलत होती.

खिचडीत मिरची लागली तशी राजनंदिनी हाश्शहुश्श करायला लागली आणि तिने सायलीच्या पेल्याकडे हात केला.

सायलीने पेला चटकन मागे ओढला. "न्हाई," ती म्हणाली. "हा आमचा हाय. ह्यातलं तुला चालत न्हाई. तुझ्यात पी."

उंबऱ्यावरचं कांद्याचं बोलणं थांबलं. गीताबाईने एकदा सायलीकडे बघितलं आणि ती हसली. कौतुकाने हसली.

"लई शहानी पोरगी हाय," मालनबाई म्हणाली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. संकट टळलं म्हणून ती बिचारी मनापासून म्हणाली.

सायलीने मान वळवून आईकडे पाहिलं. "आई, बरोबर केलं ना मी?"

भारतीच्या हातात पाण्याचा जग होता. खोलीतली सगळी लेकरं तिच्याकडे बघत होती. उंबऱ्यावरची बाई बघत होती. नाही म्हणायचं तर पुढे काय सांगायचं? चार वर्षांच्या पोरीला ते सांगायचं, तर ज्यापासून तिला चार वर्षं राखून ठेवलं तेच सगळं उलगडून सांगावं लागणार होतं, इथे, या बाईच्या देखत. आणि कपाटात तो कागद होता.

"व्हय," भारती म्हणाली. "बरोबर केलंस."

सायलीचा चेहरा एकदम फुलला. सगळ्यांनी शाबासकी दिली होती. तिला ती आणखी हवी होती. ती उठली, आपली ताटली आणि पेला दोन्ही हातांनी जपून धरला, आणि कुणी न सांगता पंगतीच्या अगदी टोकाला, दाराजवळच्या मोकळ्या फरशीवर एकटी जाऊन बसली.